पेटीत न मावलेला पाडेली

माझ्या सरकारी हुद्द्याचं नाव इतकं लांब होतं की ते दारावरच्या पाटीवर मावेना. रंगाऱ्याने शेवटचा शब्द अर्धा खाली वळवला आणि 'बाकीचं लोकांना कळतं' म्हणून निघून गेला. लोकांना डोंबल कळत होतं. पेडणे आणि डिचोलीकडच्या माणसांनी पाटी वाचायच्या भानगडीत न पडता परस्पर माझं बारसं करून टाकलं, 'ठोकळेवाली बाय'. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण अजून म्हापशाच्या बाजारात एखादी बाई मासळीच्या टोपलीमागून विचारते, 'बाय, ठोकळे आसत मां अजून?' ठोकळे सरकारजमा झाले, मी तेवढी उरले आहे.

मी डॉक्टर नव्हे, हे मी नोकरीभर सांगत आले आणि नोकरीभर कोणी ऐकलं नाही. माझं काम साधं होतं, सांगायला तरी. डोक्याला मार लागला, झटका आला, ताप मेंदूत गेला, की डॉक्टर माणसाला जगवतात. तो उठून बसला, जेवायला लागला, घरी जायच्या गोष्टी करू लागला, की त्याला माझ्याकडे पाठवायचे. त्याच्या मेंदूला काय जमतं आणि काय जमेनासं झालंय ते मी बघायचं. त्यासाठी माझ्याकडे एक पेटी होती. तीत तांबडे-पांढरे ठोकळे, चित्रांचे पुठ्ठे, रेघोट्यांचे कागद, एक बटणाचं घड्याळ आणि एक जाडजूड पुस्तक. आठवड्यातून एकदा ती पेटी मांडीवर घेऊन मी सरकारी जीपने डिचोलीला जायची, एकदा पेडण्याला.

त्या पुस्तकाचा नियम कडक. लिहिलंय तेच वाक्य बोलायचं, शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. शाबास म्हणायचं नाही, मान हलवायची नाही, चुकलं तर चेहऱ्यावर दाखवायचं नाही. लोकांना वाटायचं बाई आखडू आहे. पण गिऱ्हाईक बघून पायली लहानमोठी केली तर त्या मापाला काय अर्थ? मापाचा मान एवढ्यासाठीच असतो की ते कोणाचं तोंड बघत नाही. केरीच्या पागीणीला, म्हणजे कोळणीला, आणि म्हापशाच्या वकिलाला मी एकाच आवाजात तेच वाक्य म्हणायची, तेव्हा कुठे दोघांची तुलना करता यायची.

आता हा नियम पाळायला गोवा ही अगदी गैरसोयीची जागा आहे. इथे माणूस एकटा आजारी पडतच नाही. घरच्यांना बाहेर बसवलं तरी उत्तर जनेलातून, म्हणजे खिडकीतून, आत यायचं. एकदा एका जावयाला मी आकडे उलटे म्हणायला सांगितले, तर जनेलाबाहेर बसलेली सासू त्याच्याआधी म्हणून मोकळी. तीही बरोबर. त्या दिवशी जावयाच्या मेंदूबद्दल मला काही सांगता आलं नाही, पण सासूचा एकदम ठणठणीत होता.

त्यात तो भाषेचा काळ. कोंकणी की मराठी, यावरून घराघरांत ताटं आपटत होती. वरून हुकूम आला की रुग्णाची तपासणी त्याच्या भाषेत करावी. रुग्णाला विचारलं तुझी भाषा कुठली, की आधी तो माझ्याकडे निरखून बघायचा, मी कुठल्या बाजूची ते हुडकायचा आणि मग उत्तर द्यायचा. खरं सांगायचं तर आमच्या पेडण्याचा माणूस पाढे मराठीत म्हणतो, शिव्या कोंकणीत देतो, आरती मराठीत करतो आणि जेवताना चमचा मागतो तो पोर्तुगीज, 'कुलेर' म्हणून. तपासायचा तो मेंदू एकच, पण त्यात बिऱ्हाडं तीन. एका गृहस्थाने तर ठोकळ्यांना हात लावायच्या आधी विचारलं, 'हे मराठीतले की कोंकणीतले?' मी म्हटलं, तांबडे आणि पांढरे. त्यांचं समाधान झालं नाही, पण त्यांनी नक्षी बरोबर लावली.

तरी त्या पेटीवर माझा जीव होता, आणि तो उगाच नव्हता. डिचोलीत तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान असलेले एक शेट होते. राग सदा नाकावर. त्यांना झटका आला, त्यातून ते उठले, बोलणं पूर्वीसारखंच खणखणीत झालं आणि घरात महाभारत सुरू झालं. शेट ताटातली कोशिंबीर खाईनात. लोणचं खाईनात, चटणीला बोट लावीनात. सून वाढायला उभी राहिली तर तिच्याकडे ढुंकून बघेनात. दाढी केली तर एका गालाची, दुसरा तसाच. मुलगा म्हणाला, बाबा रागावले की असंच करतात. सासूने ठरवलं की सुनेच्या हाताला चव नाही. सुनेने माहेरी जायला बॅग भरली.

मी शेटांपुढे एक कागद ठेवला. त्यावर सगळीकडे बारीक बारीक रेघा, प्रत्येक रेघ पेनाने छाटायची, एवढंच. त्यांनी कागदाच्या उजवीकडची एकूणएक रेघ छाटली आणि पेन ठेवून दिलं. डावीकडच्या एकाही रेघेला हात नाही. मी विचारलं, सगळ्या झाल्या? 'सगळ्यो. माका काय कुड्डो समाजलं?' म्हणजे मी काय आंधळा आहे का. आंधळे ते नव्हतेच. मेंदूच्या उजव्या अंगाला इजा झाली की कधी कधी माणसाच्या जगातून डावी बाजूच गळून पडते. डोळे बघतात, पण मन तिकडे जातच नाही. आपल्या ताटात कोशिंबीर, चटणी, लोणचं कुठे वाढतात? डावीकडे. आणि सून वाढायला उभी राहायची तीही डावीकडे, कारण स्वयंपाकघराचं दार त्या बाजूला होतं.

मी सुनेला सांगितलं, बॅग रिकामी कर आणि जेवण अर्धं झालं की ताट फिरव. पुढच्या आठवड्यात ती हसत आली. शेटांनी फिरवलेलं ताट चाटूनपुसून खाल्लं होतं आणि वर विचारलं होतं, इतके दिवस कोशिंबीर का करत नव्हता. एका रेघोट्यांच्या कागदाने एक संसार वाचवला. हे डोळ्याच्या डॉक्टरला दिसलं नसतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना तर नाहीच. सगळ्यांना तोच कागद देतो म्हणूनच एकाने सोडलेली जागा उठून दिसते. हे पेटीचं बळ.

आता तिची खोडही सांगते. ती मापं ज्यांच्यावरून ठरवली ती माणसं शहरातली, शाळेच्या बाकावर बसलेली. केरीच्या एका म्हातारीला मी पुस्तकाबरहुकूम विचारलं, होडी आणि बैलगाडी यांत सारखं काय? ती म्हणाली, 'दोनय मालकाक खातत.' पुस्तकात पूर्ण गुण होते 'वाहनं' या उत्तराला. 'दोन्ही लाकडाची' म्हटलं तर अर्धे. मालकाला खाण्याचा रकानाच नव्हता. नवऱ्याच्या होडीपायी त्या बाईने गळ्यातलं विकलेलं, तिच्याइतकं खरं उत्तर मी दुसरं ऐकलं नाही, आणि मी तिला शून्य दिलं. समासात मात्र लिहिलं की बाई शहाणी आहे. असे माझे समास फार भरायचे.

म्हणजे पेटी कधी कधी चांगल्या डोक्याला नापास करते, हे मला ठाऊक होतं. ती बिघडलेल्या डोक्याला पहिल्या वर्गात पास करू शकते, हे मला हळर्णच्या बाबलने शिकवलं.

गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं. कचेरीतले जुने कागद संपायचे होते, म्हणून वरचं 'दमण आणि दीव' आम्ही पेनाने खोडून वापरत होतो. अशाच एका सकाळी पेडण्याच्या दवाखान्यात तिघं माझ्यासमोर येऊन बसली. एक अण्णा भाटकार, म्हणजे नारळीच्या बागांचे मालक, पांढरा शर्ट, काखेत छत्री. दुसरा त्यांचा पाडेली बाबल, काटक, हसरा. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. तिसरी बाबलची बायको सत्यवती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प बसलेली.

'बाबल आमचो पडलो,' अण्णा म्हणाले.

'माडावरून?'

तिघांनीही खाली बघितलं. मग सत्यवती म्हणाली, 'लुनावरसून.'

सगळं आयुष्य माडाच्या शेंड्याला काढलेला माणूस मेव्हण्याच्या लुना मोपेडवर मागे बसला, लुना सुरू होता होता हा मागच्या मागे उलटा झाला आणि डोकं चिऱ्याच्या पायरीवर आपटलं. आपटलं मागून, पण मेंदू आतून हिसका खाऊन पुढे आदळला, असं डॉक्टरांच्या कागदावर होतं. बाबलला इजेपेक्षा लुनाची लाज जास्त होती. गावात तो माडावरूनच पडलो म्हणून सांगत होता.

आता तो बरा होऊन घरी होता आणि तिघांना तीन गोष्टी हव्या होत्या. अण्णांना कागद हवा होता की बाबल माडावर चढायला लायक आहे. त्यांचे नारळ पिकून आपोआप गळत होते आणि दुसरा पाडेली मिळेना. जुन्या पाडेल्यांची मुलं तुयेच्या कारखान्यांत पंख्याखाली बसून खोकी भरत होती, त्यांना वर कोण चढवणार. बाबलला तोच कागद हवा होता, कारण कोयता हातात नसलेला पाडेली म्हणजे गावात कोणीच नाही. आणि सत्यवतीला तो कागद होऊ द्यायचा नव्हता.

'तो आता तो नाय गे बाय,' ती म्हणाली. 'माडार चढलो तर माका परत मेळाचो नाय.'

'म्हणजे काय करतो?'

'मीठ हाडूक धाडलंय तर शेजाऱ्याचो बकरो घेवन इलो. दोरी दिसली म्हणान ओढली. कोणाच्या दाराकडे झाडू दिसलो की तेंचा अंगण झाडता. आपल्या घरात नाय. वाटेर दिसता थय.'

अण्णा हसले. 'बाई, आख्खो गाव म्हणता बाबल पडल्यापासून गुणी झालो. हिकाच तेवढा बघवना नाय.'

हे मात्र खरं होतं. गावाने सत्यवतीला वेड्यात काढलं होतं. नवरा उठला, हिंडतोय, हसतोय, लोकांची अंगणं झाडतोय, आणि ही म्हणते तो तो नाही. कोणी म्हणालं हिलाच देवाचं काही दाखवा. सासूने तर सरळ सांगितलं होतं की ठोकळेवालीने बाबल बरा म्हणून लिहिलं तर पुन्हा या घरात हा विषय काढायचा नाही. म्हणजे मी लिहीन तो कागद बाबलला माडावर पाठवणार होता आणि सत्यवतीचं तोंड कायमचं बंद करणार होता.

मी त्या दोघांना बाहेर बसवलं आणि पेटी उघडली. पुस्तकातलं वाक्य म्हटलं, 'आता तुम्ही हे ठोकळे घ्या.' बाबलने मागे वळून बघितलं. जन्मात त्याला कोणी तुम्ही म्हटलं नव्हतं, त्याला वाटलं मागे आणखी कोणी साहेब उभा आहे. पण एकदा ते तुम्ही आपणच हे पटल्यावर तो असा खुलला की विचारू नका. ठोकळ्यांच्या नक्ष्या माझं घड्याळ सुरू होईतो तयार. आकडे सरळ, उलटे, दोन्ही बरोबर. मी सांगितलेली गोष्ट त्याने जशीच्या तशी सांगितली, शिवाय गोष्टीतल्या सुताराने दार चुकीचं बसवलं असावं असं मतही दिलं. प्रत्येक वेळी मी नियमाप्रमाणे म्हणायची, 'झालं. आता पुढचं.' आणि बाबल पुढचं करायला तयार.

नातेवाईक मनात देवाचा धावा करतात की उत्तर बरोबर येऊ दे, हे मी रोज बघायची. इथे उलटं चाललं होतं. दाराच्या फटीतून सत्यवती ऐकत होती आणि बाबलच्या प्रत्येक बरोबर उत्तराला तिचं तोंड आणखी उतरत होतं. अण्णा मात्र मुलगा पहिला आल्यासारखे पाय हलवत बसले होते. गुण मोजले. सगळं ठीक, काही ठिकाणी ठीकपेक्षा बरं. तिसरी शिकलेल्या माणसाला.

कागद आणायला म्हणून मी शेजारच्या खोलीत गेले. परत आले तर बाबल माझ्या खुर्चीवर. डोळ्यांवर माझा चष्मा, माझ्याच कंगव्याने नीट विंचरलेले केस, आणि हातात दवाखान्याचा शिक्का. टेबलावरच्या एकूणएक कोऱ्या कागदावर तो ओळीने शिक्के मारत होता. घाई नाही, चेष्टा नाही. अगदी मन लावून.

'बाबल, हे काय?'

'शिक्को हंय होतो,' तो म्हणाला, 'म्हणान मारलंय.'

मी त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि खाली बसले. दोरी दिसली म्हणून ओढली. झाडू दिसला म्हणून झाडलं. शिक्का दिसला म्हणून मारला. आणि माड दिसला की?

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते भले गृहस्थ, पण आकड्यांवर गाढ श्रद्धा. म्हणाले, 'गुण काय सांगतात?'

'सगळं ठीक सांगतात.'

'मग?'

'मग त्याने माझा चष्मा का घातला?'

'चष्म्याचे गुण किती?'

'चष्म्याला गुण नाहीत. पुस्तकात तो प्रश्नच नाही.'

त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. मग म्हणाले, 'गावात जाऊन बघून ये. पण जीप मिळणार नाही.' श्रद्धा वेगळी आणि जीप वेगळी, हे सरकारात राहून मला शिकायला मिळालं होतं. मी एसटीसारखी खडखडणारी खाजगी बस धरून हळर्णला गेले.

जाण्याआधी अण्णांना निरोप धाडला होता की बाबलला माडावर चढवायचं नाही, कोयता आणि पायात घालायची दोरी कुलपात ठेवायची. मी त्याला जमिनीवरच एक काम देणार होते. पाववाल्याच्या भट्टीवरून उंडे, म्हणजे गोल पाव, आणायचे, येताना दुकानातून काडेपेटी घ्यायची, आणि येऊन अण्णांच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसायचं. बस. लहान पोराला सांगावं असं काम. फक्त मी मध्ये 'आता पुढचं' म्हणणार नव्हते.

मी बाबलला काम सांगितलं. त्याने ते मला परत म्हणून दाखवलं, एकही चूक नाही. तो निघाला. अण्णा आणि मी थोडं अंतर ठेवून मागे. भट्टीवर उंडे घेतले, इथवर ठीक. अण्णांनी माझ्याकडे 'बघितलंत?' असं बघितलं. पुढे दुकानाजवळ कोणी तांदूळ वाळत घातले होते. बाबल वाकला आणि तांदूळ पायाने सारखे करू लागला. दुकानदारीण म्हणाली, 'बरो झालो गे हो.' काडेपेटी राहिली. तिथून तो उंडे घेऊन नीट अण्णांच्या अंगणात शिरला आणि तिथे थांबला.

अंगणात सोप्यासमोर अण्णांचा लाडका माड होता. त्या माडाच्या बुंध्याला कोयता टेकवलेला होता आणि त्याच्या मुठीवर दोरीचा फास अडकवलेला होता. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी छत्रीकडे बघितलं.

'नुसतो बघी म्हटलंय,' ते पुटपुटले, 'हात लायता काय.'

उंडे जमिनीवर. बाबलने बुंध्याला हात लावून कपाळाला लावला, पाडेली चढण्याआधी करतात तसा, दोरी पायात घातली, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत तो अर्ध्यावर होता. चढण्यात काही उणं नव्हतं, ते शरीराला पाठ होतं. शेंड्याशी पोचला, झावळीवर बसला आणि पहिली पेंड, म्हणजे नारळांचा घोस, खाली आली. हिरवीगार. मग शहाळ्यासारखी कोवळी अडसरं. मग नुकती फुटलेली पोय, म्हणजे ज्यातून पुढच्या वर्षीचे नारळ यायचे तो मोहोर. पाडेली हे कधी करत नाही. पिकलेला नारळ कोयत्याच्या पाठीने वाजवून, ओळखून तेवढाच काढायचा, बाकीच्याला धक्का लावायचा नाही, ही त्यांची पिढ्यांची रीत. कोवळं काढणारा पाडेली म्हणजे पोरं कापणारी सुईण.

अण्णांनी आवाज जमेल तेवढा शांत ठेवून विचारलं, 'बाबल, खयचे काढूचे रे?'

'पिके तेवढेच,' वरून उत्तर आलं आणि अडसरांचा घोस धप्पकन खाली पडला.

'आणि अडसरां?'

'अडसरां नाय काढूची. ती देवळाक, सप्त्याक.' पुन्हा धप्प.

माझ्या सगळ्या नोकरीत मेंदूबद्दल एवढं स्पष्ट मी काही बघितलं नाही. प्रश्नाचं उत्तर पूर्ण बरोबर होतं. पुस्तकाप्रमाणे त्याला पैकीच्या पैकी द्यावे लागले असते. आणि तेच उत्तर देताना हात दुसरंच करत होते, आणि त्याची त्याला ना खंत ना खबर.

एव्हाना सत्यवती धावत आली होती. ती ओरडली नाही. वर असलेल्या माणसाला खालून हाक मारायची नसते, दचकला तर हात सुटतो. ती बुंध्याला दोन्ही हात लावून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. वर बाबल आता झावळ्याच तोडू लागला होता, आणि ज्या झावळीवर त्याचा पाय होता तिच्याकडे त्याचा कोयता सरकत होता. मी काय करावं? मला एकच गोष्ट येत होती. मी घसा साफ केला आणि दवाखान्यातल्या त्या सपाट आवाजात म्हटलं, 'झालं. आता पुढचं. कोयता कमरेला लावा, खाली या आणि इथे बसा.'

वरचा आवाज थांबला. कोयता कमरेला गेला. बाबल सरसर खाली उतरला, बुंध्याला हात लावून कपाळाला लावला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. चेहऱ्यावर तेच हसू. पुढचं काय, म्हणून वाट बघत होता.

तेव्हा मला कळलं की त्या दिवशी दवाखान्यात कोण पास झालं होतं. डिचोलीच्या खाणीवर कसं असतं, दहा कामगार तगडे असले तरी मुकादम लागतो. कोणी आधी, कोणी नंतर, आता थांबा. कपाळामागचा मेंदू ते मुकादमाचं काम करतो. बाबलचे कामगार सगळे जागच्या जागी होते, आठवण, डोळा, हात, हिशेब. मुकादम तेवढा त्या चिऱ्याच्या पायरीवर राहिला होता. आणि माझ्या खोलीत, रिकाम्या टेबलावर एका वेळी एकच वस्तू ठेवून, दर खेपेला पुढचं-पुढचं म्हणत, त्या मुकादमाच्या जागी मीच बसले होते. नियमाने मदत करायची नसते. मी एका शब्दाची मदत केली नव्हती, आणि सगळी मदत मीच केली होती.

अण्णा अंगणातल्या हिरव्या पसाऱ्यात उभे होते. सप्ताहाची अडसरं, पुढच्या वर्षीचा मोहोर, सगळं त्यांच्या वहाणांपाशी. ते म्हणाले, 'बाई, कागद लिवा.'

'काय लिहू?'

'लिवा की ह्या माणसाक माडाच्या सावळेतसुद्धा उभो करू नये.'

मी हसले, अण्णाही हसले, आणि बाबल आम्ही हसतोय म्हणून हसला. मी त्यांना म्हटलं, पेटी अगदीच खोटी नाही हं. तिच्यामुळेच आपल्याला कळलं की त्याचं काय काय शाबूत आहे. शेजारी कोणी सांगणारं असेल तर हा जमिनीवर बसून दिवसभर नारळ सोलेल, आणि दुसऱ्या कोणापेक्षा नीट सोलेल. अण्णा म्हणाले, सोलणं तर सोलणं, माझ्याकडे जागा आहे. कोयता ते स्वतः आत घेऊन गेले. या वेळी कुलपाचा आवाज मी ऐकला.

मग मी सत्यवतीकडे वळले. ती पायरीवर बसली होती, शेजारी अण्णांच्या घरातली एक रिकामी टोपली. मला वाटत होतं, आता हिच्या मनावरचा धोंडा उतरेल. आख्ख्या गावाविरुद्ध ही एकटी उभी राहिली होती आणि बरोबर निघाली होती. मी जरा मोठ्यानेच म्हटलं, अण्णांनाही ऐकू जावं म्हणून, 'सत्यवती, तुझं खरं होतं. गावाचं चुकलं, माझ्या पेटीचंही चुकलं. तुझ्या सासूला मी स्वतः येऊन सांगते.'

तिचे डोळे भरून आले आणि ती रडू लागली, हुंदका न काढता, नुसतं पाणी.

'बाय,' ती म्हणाली, 'गावाक खोटा पाडूक मी तुज्याकडे नाय इलंय. माका वाटला, तू एवढी शिकलेली, तुज्याकडे पेटी. तू सगळा तपासून सांगशीत, सत्यवती, तुजाच चुकता गे, तुजो घोव बरो आसा. ता आयकूक इलंय.'

मला पुस्तकातलं एकही वाक्य आठवेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, एवढंच केलं. नियमात ते बसत नव्हतं.

बाबलचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्याला टोपली रिकामी दिसली होती. तो उठला, अंगणातली अडसरं एकेक उचलून तिच्यात ठेवू लागला. सत्यवतीने पदराने तोंड पुसलं, त्याच्या शेजारी जाऊन वाकली आणि तीही भरू लागली.